एकच डीएचसीपी सर्व्हर, तीन सबनेट

हॉस्टेलच्या वाय-फायसाठी वेगळा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर, लागतो का, असं इतर कॉलेजांतले सिस्टिम अ‍ॅडमिन मला बरेचदा विचारतात. लागत नाही. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब, ऑफिस आणि हॉस्टेल असे तीन व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) आहेत, आणि तिन्हींना सर्व्हर रूममधलं एकच उबुंटू मशीन आयपी देतं. त्या मशीनला नेटवर्क कार्डही एकच आहे आणि ते या तिन्हींपैकी एकाही व्हीलॅनमध्ये नाही.

सर्व्हरला कसं कळतं की मागणी लॅबमधून आली की हॉस्टेलमधून? नव्या मशीनकडे आयपी नसतो, म्हणून ते 'डिस्कव्हर', म्हणजे पत्ता मागणारी हाक, सगळ्यांना ब्रॉडकास्ट करतं, आणि ब्रॉडकास्ट राउटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून लेयर-थ्री स्विचवर (जो राउटरचंही काम करतो) प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसला रिले लावायचा. सिस्कोच्या स्विचवर ती 'आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस' ही एक ओळ. स्विच ते ब्रॉडकास्ट उचलतो, त्यातल्या 'जीआयअ‍ॅडर' या रकान्यात त्या व्हीलॅनमधला स्वतःचा पत्ता लिहितो आणि पॅकेट थेट सर्व्हरकडे पाठवतो. रकान्यात १०.२०.३०.१ दिसलं की सर्व्हर १०.२०.३०.०/२४ या सबनेटमधला, म्हणजे पत्त्यांच्या गटातला, मोकळा पत्ता देतो. बाकी सगळी रचना या एका रकान्यावर उभी आहे, आणि तो नीट समजला तर सबनेट तीन असोत की तीस, काम तेच राहतं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मी 'केआ' हा डीएचसीपी सर्व्हर वापरतो. आयएससीचा (इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम) जुना डीएचसीपी सर्व्हर वर्षानुवर्षं सगळ्यांनी चालवला, पण २०२२ मध्ये आयएससीनेच त्याची देखभाल थांबवली. नवीन काही उभारत असाल तर त्यात वेळ घालवू नका. केआची फाइल जेसनमध्ये असते. प्रत्येक सबनेटला आयडी, पूल (वाटायचे पत्ते), गेटवे आणि डीएनएस द्यायचे. पूल मी .५० पासून सुरू करतो. त्याखालचे पत्ते प्रिंटर, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि बायोमेट्रिक मशीनसाठी राखीव.

लीजची, म्हणजे मशीनला ठरावीक काळापुरत्या दिलेल्या पत्त्याची, मुदत मात्र सगळीकडे सारखी ठेवू नये. लॅबमधले पीसी जागचे हलत नाहीत, त्यांना एक दिवस. हॉस्टेलला दोन तास, आणि सबनेटही मोठं, १०.२०.४०.०/२२, म्हणजे १,०२२ पत्ते. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वाय-फाय नावासाठी नेटवर्क कार्डाची वेगळी ओळख, म्हणजे बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात. दोन विंगांना दोन नावं दिली आणि सबनेट एकच ठेवलं, तर एकच फोन दोन लीज अडवून बसतो. तिथे /२४ चे २५४ पत्ते संध्याकाळी मेसची वेळ व्हायच्या आतच संपतील. आणखी एक: केआच्या नमुना फाइलमध्ये रिन्यू आणि रिबाइंडचे (लीज वाढवून मागण्याचे) टायमर वरच लिहिलेले असतात, ९०० आणि १,८०० सेकंद. ते काढून टाका, नाहीतर एक दिवसाची लीज घेतलेला पीसीसुद्धा दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरचं दार वाजवत राहतो.

आता ज्या जागी बहुतेक जण अडकतात ती जागा. फायरवॉलमध्ये यूडीपी ६७ (डीएचसीपी सर्व्हरचा पोर्ट) फक्त रिलेच्या पत्त्यांसाठी उघडला जातो. सकाळी सगळ्यांना आयपी मिळतो, म्हणून काम झालं असं वाटतं. पण लीज अर्धी संपली की क्लायंट रिलेला न विचारता थेट सर्व्हरला पॅकेट पाठवतो. ते पॅकेट मधल्या फायरवॉलवर मरतं. क्लायंट पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि मुदतीचे साडेसत्त्याऐंशी टक्के उलटल्यावर ब्रॉडकास्ट करतो. ते रिलेमार्फत पोहोचतं आणि गाडी पुढे चालू राहते. त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही आणि बिघाड महिनोन्‌महिने झाकलेला राहतो, पुढे एखाद्या दिवशी रिले बंद पडेपर्यंत. म्हणून नियम अख्ख्या सबनेटसाठी लिहा. सर्व्हरकडून १०.२०.३०.१ ला परतीचा रूट आहे ना, तेही पिंग करून बघा, कारण उत्तर त्याच पत्त्यावर जातं.

हॉस्टेलच्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (विश्वासू नसलेल्या पोर्टवरून पत्ते वाटणं अडवणारी सोय) पहिल्या दिवसापासून चालू हवं. कुणी घरचा राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या जॅकला जोडला, की तोही उत्साहाने १९२.१६८ चे पत्ते वाटू लागतो आणि अख्ख्या मजल्याचं इंटरनेट जातं. विश्वासू पोर्ट फक्त अपलिंक, बाकी एकही नाही.

तपासणी कधीही सर्व्हरवरून सुरू करा. पोर्ट ६७ वर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावायचा आणि त्या व्हीलॅनमधला एक लॅपटॉप जोडायचा. डिस्कव्हर दिसलंच नाही तर दोष रिलेचा किंवा मधल्या फायरवॉलचा. डिस्कव्हर दिसलं पण ऑफर (सर्व्हरचं पत्ता देणारं उत्तर) निघाली नाही तर जीआयअ‍ॅडरशी जुळणारं सबनेट फाइलमध्ये नाही, किंवा पूल संपलाय. ऑफर निघूनही लॅपटॉपवर १६९.२५४ चाच (सर्व्हरकडून काही न मिळाल्यावर मशीन स्वतःच घेतं तो) पत्ता दिसत असेल, तर परतीचा रूट बघा.