आमची वाटचाल : आधी विद्राव्यता, मग गोळी

आमच्या कामाची सुरुवात तपासणीपासून झाली. लहान औषध कारखान्यांकडून गोळ्या यायच्या, आम्ही डिसोल्यूशन (गोळीतलं औषध द्रवात किती वेगानं विरघळतं ती चाचणी) करून रिपोर्ट द्यायचो. गोळी नापास झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग बदलायचं काय?' उत्तर बहुतेक वेळा मूळ औषधाच्या विद्राव्यतेत, म्हणजे ते द्रवात जास्तीत जास्त किती विरघळतं यात, सापडायचं. म्हणून आम्ही फॉर्म्युलेशनकडे (गोळीत काय, किती आणि कसं घालायचं ते ठरवण्याकडे) वळलो, आणि आजही विद्राव्यता मोजल्याशिवाय कुठलंच काम हाती घेत नाही.

मोजणी दिसते सोपी. तळाशी उरेल इतकं औषध बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकायचं, ३७ अंश सेल्सिअसला हलवत ठेवायचं, २४ आणि ४८ तासांचे आकडे जुळले की थांबायचं. पीएच १.२, ४.५ आणि ६.८, निदान हे तीन हवेतच. औषध स्वतः आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असेल तर बफरचा पीएच सरकतो, तेव्हा तो शेवटी पुन्हा मोजावा. तळाची पूडही एक्स-रे डिफ्रॅक्शनला (स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या चाचणीला) लावावी. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध पाण्यात असतानाच डायहायड्रेट (पाणी धरलेला स्फटिक) होतं आणि मग हाती येणारा आकडा त्या नव्या स्फटिकाचा असतो. यानंतर सर्वांत मोठा डोस २५० मिलिलिटरमध्ये पूर्ण विरघळून मावतो का ते पाहायचं. ही कसोटी गॉर्डन अमिडन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या बीसीएस वर्गीकरणातली (विद्राव्यता आणि आतड्यातून शोषण यांवरून औषधांचे गट पाडणारं वर्गीकरण).

डोस मावत नसेल तर पहिला उपाय मायक्रोनायझेशन, म्हणजे औषध अगदी बारीक दळणं. हवेच्या झोतानं दळणाऱ्या जेट मिलमुळे विरघळण्याचा वेग वाढतो, विद्राव्यता मात्र तेवढीच राहते. शिवाय बारीक पूड गोळे धरते आणि पाण्यावर तरंगते, म्हणून बाइंडरच्या (पूड बांधून ठेवणाऱ्या घटकाच्या) द्रावणातच पूड भिजायला मदत करणारं पॉलिसॉर्बेट ८० घालून वेट ग्रॅन्युलेशन करणं, म्हणजे पूड ओली करून तिचे दाणे (ग्रॅन्युल) बनवणं, आम्हाला बरं वाटतं.

आमची खरी जडणघडण झाली ती टेल्मिसार्टन या रक्तदाबावरच्या औषधासारख्या औषधांवर. हे औषध तीव्र आम्लात थोडं आणि तीव्र अल्कलीत चांगलं विरघळतं. पीएच ३ ते ९ या पट्ट्यात जवळजवळ नाहीच. नुसतं बारीक करून भागत नाही, गोळीतच अल्कली द्यावी लागते. ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टनला एकास एक मोल (रेणूंच्या संख्येच्या) प्रमाणात सुमारे ३.१ मिलिग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. आम्ही किंचित जास्त घेतो आणि जोडीला मेग्लुमिन हा दुसरा अल्कधर्मी घटक देतो. आधी सोडियम हायड्रॉक्साइड, मग मेग्लुमिन आणि पोव्हिडोन (बाइंडर) पाण्यात विरघळवायचं आणि शेवटी औषध थोडंथोडं सोडायचं. द्रावण पूर्ण नितळ झाल्याखेरीज फ्लुइड बेडवर (गरम हवेत तरंगत्या पुडीचे ग्रॅन्युल बनवणाऱ्या यंत्रात) फवारू नये. न विरघळलेले कण राहिले तर तेच पुढे डिसोल्यूशनमध्ये मागे पडतात.

हे ग्रॅन्युल ओलावा झपाट्यानं ओढतात. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात डीह्युमिडिफायर नसेल तर पंचला (गोळी दाबणाऱ्या साच्याच्या दांड्याला) चिकटतात आणि गोळी मऊ पडते. तयार गोळी अ‍ॅलू-अ‍ॅलू (दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या) ब्लिस्टरमध्येच जावी, इथे पॅकिंगवर पैसे वाचवू नयेत. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध सोबत असेल तर ते अल्कलीत फुटतं. अशा वेळी दोन थरांची गोळी हाच मार्ग.

उत्तम ग्रॅन्युलचंही मातेरं होतं ते ल्युब्रिकेशनमध्ये, म्हणजे ग्रॅन्युल साच्याला चिकटू नयेत म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळताना. मॅग्नेशियम स्टिअरेट १ टक्क्याच्या आत आणि शेवटची दोन-तीन मिनिटंच. ब्लेंडर जास्त फिरला की कणांवर मेणचट थर बसतो, पाणी आत शिरत नाही, गोळीची हार्डनेसही घटते.

विरघळायला अवघड औषधांच्या डिसोल्यूशन माध्यमात एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजेच सोडियम डोडेसिल सल्फेट, हा साबणासारखा घटक) लागतं. ते पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये टाकलं तर पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसतो आणि दोष विनाकारण गोळीवर जातो. बफर सोडियम फॉस्फेटचा घ्यावा. गाळताना पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत, कारण फिल्टरही औषध धरून ठेवतो.

आमच्याकडे काम पाठवताना एपीआयच्या (मूळ औषधाच्या) बॅचचा डी९० (९० टक्के कण ज्या आकाराच्या आत असतात तो आकडा) आणि स्फटिकरूपाचा रिपोर्ट सोबत द्यावा. पुरवठादार बदलला असेल तर जुन्या आणि नव्या दोन्ही बॅचचा.