भाच्याचा एमएमए करार आणि ती खिडकी

भाच्याला एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालतं असा खेळ) लढती भरवणाऱ्या कंपनीचा फोन आला जुलैत, आणि करारावर सही झाली डिसेंबरात. मधले पाच महिने कशात गेले ते लिहून काढतोय, कारण अजून डोक्यातनं जात नाही.

पोरगं खानापूर तालुक्यातलं. आठव्या वर्षापासून तालमीत, गेली दोन वर्षं कोल्हापुरात एमएमए. हौशी लढती सगळ्या मिळून तीन. त्यातली एक चाळीस सेकंदांत संपली, तिचा व्हिडिओ फिरला आणि फोन आला. दोन वर्षं, चार लढती, दुसरीकडं खेळायचं नाही. मी म्हटलं, "अहो, पोरगं अजून कच्चं आहे." पलीकडचा हसला. "कच्चंच पाहिजे, मामा." तेव्हा कळलं नाही, आता कळतं. कच्चं पोरगं स्वस्तात मिळतं, कार्ड म्हणजे त्या दिवसाच्या लढतींची यादी भरतं, आणि पुढं चमकलंच तर आधीच बांधलेलं असतं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. कागद म्हटलं की सगळं घर माझ्याकडं बघतं. मेडिकल मिरजेत एका दिवसात उरकलं: एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, डोळे, मेंदूचा एमआरआय. अडलं ते जन्मतारखेवर.

शाळेच्या दाखल्यावर तारीख 1 जून 2007. आपल्याकडं निम्मं गाव 1 जूनला जन्मलेलं असतं, कारण पहिलीत घालताना गुरुजींनीच ती लिहिलेली असते. आधारवर तीच, पॅनवर तीच. त्या हिशेबानं पोरगं अठराचं. पण परदेशातल्या लढतींसाठी कंपनीनं जन्मदाखला मागितला, आणि आक्कानं भाबडेपणानं दवाखान्याचं जुनं डिस्चार्ज कार्ड थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यावर 19 डिसेंबर 2007. म्हणजे पोरगं सतराचं!

कंपनीचा वकील म्हणाला, वडिलांची सही चालेल. सांगलीतल्या आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. 1872 च्या करार कायद्यानं अठराच्या आतल्याला करार करता येत नाही. केलाच तर तो मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, 1903 मध्येच सांगून ठेवलंय. आणि बापाच्या सहीनं पोराला केजमध्ये, म्हणजे लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात, उतरायला बांधता येत नाही. मग थांबायचं ठरलं. मी म्हटलं, पाच महिने आहेत, तोवर निवांत दाखला काढू.

निवांत!

आधी ग्रामपंचायतीत गेलो. नोंदच नाही. जन्माची नोंद जिथं बाळंतपण झालं तिथं असते, राहता त्या गावात नाही. एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक खेप वाचली असती. आक्काचं बाळंतपण दुसऱ्या गावच्या दवाखान्यात झालेलं. तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर गेलो. गावाचं नाव घेत नाही, धाकटीच्या दाखल्याला पुन्हा तिथंच जायचंय. बाईंनी आधार बघून 1 जूनचं पान उघडलं आणि म्हणाल्या, नाही. डिसेंबरचं बघा म्हटलं तर, "मग आधारवर खोटं आहे का?" आता काय सांगू.

दुसऱ्या खेपेला नोंद सापडली. आईबापाचं नाव होतं, मुलाच्या नावाचा रकाना कोरा. तिसऱ्या खेपेला अर्ज दिला तर उत्तर, "पंधरा वर्षं होऊन गेली, आता नाव लागत नाही." मी मान हलवून घरी आलो आणि आख्खा सप्टेंबर गप्प बसलो. ही चूक माझी. त्याच रांगेतल्या एका आजोबांनी पुढच्या महिन्यात सांगितलं की सरकारनं पंधरा वर्षांवरच्यांसाठी मुदत वाढवून दिलीय. प्रिंट काढून घेऊन गेलो. "आमच्याकडं पत्र आलं नाही." मग साहेब रजेवर. मग दिवाळी. मग सर्व्हर. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि पेढीवरचा अर्धा दिवस. शेवटी साहेब भेटले, प्रिंट वाचलीसुद्धा नाही, "हो, होतं की," म्हणाले आणि दहा मिनिटांत सही. मला आनंद व्हायच्या आधी राग आला.

आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, हे वर राहिलं. आणि आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून दाखला हातात आल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका.

भाचा या काळात रोज कुरकुरायचा. राऊल रोसास ज्युनिअर नावाच्या पोराला यूएफसीनं, म्हणजे एमएमएतल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन कंपनीनं, 2022 मध्ये सतराव्या वर्षीच घेतलं म्हणे. अरे, पण तो आधी सहा व्यावसायिक लढती जिंकून आला होता. आपला भरत खंडारे 2017 मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, तर समोरचा सोंग यादोंग एकोणीसचाच. पण त्याच्या नावावर दहाहून जास्त लढती. वय धरू नकोस, लढती मोज, असं मी त्याला बजावलं. हौशीत तीन मिनिटांच्या फेऱ्या, नडगीला पॅड, कोपर बंद. व्यावसायिकमध्ये पाच मिनिटं, चार औंसाचे ग्लोव्ह्ज आणि कोपर थेट भुवईवर.

म्हणून करारात दोन ओळी भांडून घातल्या. पहिल्या दोन लढतींत समोरच्याच्या व्यावसायिक लढती दोनाहून जास्त नकोत, आणि लढतीतल्या दुखापतीचा खर्च कंपनीचा. दुखापतीत गेलेले महिने मुदतीत वाढवून धरायचे ही त्यांची अट मात्र आम्हाला काढता आली नाही. मानधन लढायचे पंधरा हजार, जिंकलास तर आणखी पंधरा. त्यातनं टीडीएस कापला जातो, तो विचारून घ्या. मुद्रांक 500 चा लागतो, शंभरचा आता चालत नाही.

22 डिसेंबरला सही झाली, पेढीवरच, हळदीच्या पोत्यांशेजारी. पॅनवर अजून 1 जूनच आहे. शाळेच्या दाखल्यावरही. त्याला शिक्षण खात्याची परवानगी लागते म्हणे. भाच्याला सांगितलं, ते तुझं तू बघ.