स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारवर पैसे घालावेत का?

माझं मत सरळ आहे, स्क्वायर स्ट्रॅटसारखी (फेंडरच्या स्वस्त ब्रँडची) गिटार असेल तर पिकअपचं, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाचं, नंतर बघा, आधी चांगल्या माणसाकडून सेटअप, म्हणजे गिटारची नीट जुळणी, करून घ्या. नेक (लांब दांडा) सरळ, ॲक्शन (तारांची उंची) खाली, इंटोनेशन (वरपासून खालपर्यंत प्रत्येक सूर बरोबर लागणं) नीट, एवढ्यानेच गिटार हाताला वेगळी लागते.

ट्युनिंग सारखं उतरतंय म्हणून लोक लगेच नवीन ट्युनर (तार ताणणारे पेग) मागवतात, पण बरेचदा ट्युनर ठीकच असतात, तार नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकत असते, पेग फिरवताना टिक् असा आवाज आला की समजायचं, मग खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा आणि तरी अडकली तर हाडाचा नट बसवून घ्या, सगळ्यात वसूल होणारा खर्च हाच.

स्वस्त पिकअपमध्ये बहुतेक सिरॅमिक मॅग्नेट असतात, अल्निको ५ (दुसऱ्या प्रकारचं मॅग्नेट) वाले घातले की क्लीन टोन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेला स्वच्छ आवाज, खुलतो हे खरंय, पण ॲम्पच (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) साधा असेल तर तो फरक ऐकू कुठून येणार? आधी ॲम्प घ्या. आणि गिटार विकताना नव्या पार्टवर घातलेले पैसे परत मिळत नाहीत हं, त्यामुळे काढलेले जुने पार्ट जपून ठेवा, विकताना तेच परत बसवता येतात.

नेकच पिळली असेल तर मात्र एक रुपयाही घालू नका, दुसरी गिटार बघा.