दुसऱ्या गाडीचे तीन क्यूब

सकाळी साडेअकराला साइटवरच्या लॅबमध्ये मशीनचा काटा 529 किलोन्यूटनवर थांबला आणि मागे फिरला. क्यूब म्हणजे ताकद तपासायला गाडीतल्याच काँक्रीटचा भरून ठेवलेला ठोकळा. हा 150 मिलीमीटरचा, म्हणजे दाब घेणारं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलीमीटर. भागाकार 23.5 न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. दुसरा क्यूब 540 ला फुटला, तिसरा 551 ला. सरासरी 24. काँक्रीट एम-30 चं होतं, म्हणजे 28 दिवसांनी ताकद 30 हवी, आणि क्यूब 28 दिवसांचेच. क्यूबमागे निदान 675 किलोन्यूटन तरी यायला हवे होते.

क्यूब फेल झाला की आधी चाचणीतली चूक शोधायची असते, आणि ते बरोबरच आहे. मीही शोधली. क्यूब टाकीतून ओले काढले होते, वरचं पाणी पुसलं होतं. ओतताना जी बाजू वर होती ती मशीनमध्ये कडेला वळवली होती. तो खडबडीत पृष्ठभाग प्लेटखाली आला तर क्यूब कमी ताकद दाखवतो. दाब सेकंदाला साधारण सव्वापाच किलोन्यूटनने वाढवला होता. क्यूब दोन शंकूंसारखा उरून चारही बाजूंनी नीट फुटला होता, तिरका चिरला नव्हता. तीन थर, प्रत्येक थराला 35 ठोके, ही भरणी माझ्यासमोरच झाली होती. एका नमुन्यातल्या तीन क्यूबांत सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नमुनाच बाद होतो. इथे तर तिन्ही आकडे एकमेकांना खेटून होते. चाचणी बरोबर होती, मालच कमी पडला होता.

काम पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सात मजली इमारतीचं. फेल झालेला माल तिसऱ्या मजल्याच्या कॉलमचा. 300 बाय 750 चे चौदा कॉलम, एकाला सुमारे 0.6 घनमीटर. प्लँटवरून तयार काँक्रीट आणणारी पहिली गाडी 5 घनमीटरची, दुसरी 4 ची. सहा ते पंधरा घनमीटरला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे दोन नमुने लागतात, म्हणून प्रत्येक गाडीतून एक घेतला होता. पहिल्या गाडीचे क्यूब 36 च्या वर गेले. पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतल्याच्या नोंदीवर, कुठल्या गाडीचा माल कुठल्या कॉलमला गेला ते लिहिलेलं होतं, त्यामुळे संशयित सहाच कॉलम राहिले. ते कार्ड नसतं तर चौदाही धरावे लागले असते.

या 28 दिवसांत वर दोन स्लॅब पडले होते आणि तिसऱ्याचं सेंट्रिंग लागत होतं. क्यूबचा निकाल येतो तेव्हा इमारत थांबलेली नसते, ही या चाचणीची मोठी अडचण आहे. म्हणूनच सात दिवसांचा क्यूब फोडतात. दुसऱ्या गाडीचा सात दिवसांचा आकडा 16.5 होता, म्हणजे 55 टक्के. मिक्समध्ये फ्लायॅश (कोळशाची राख) आहे, ताकद उशिरा चढेल, असं म्हणून मी तो पुढे ढकलला होता. पहिल्या गाडीतही तीच फ्लायॅश होती आणि तिचा आकडा 24 आला होता. ही तुलना त्या दिवशीच करायला हवी होती.

सुपरवायझरला बोलावलं. जालन्याकडचा, डिप्लोमा होऊन दीड वर्ष झालेला पोरगा. त्याने काही लपवलं नाही. "सर, गाडी हायवेला अडकली होती. प्लँटवरून निघून दोन तास होऊन गेले होते. माल उतरेना. पिंपभर पाणी घातलं."

पिंप म्हणजे 200 लिटर. 4 घनमीटरमध्ये घनमीटरला 50 लिटर झाले. मिक्स डिझाइनमध्ये 400 किलो सिमेंट-फ्लायॅशला 168 लिटर पाणी होतं, प्रमाण 0.42. ते 0.54 च्या पुढे गेलं. माल छान वाहतो, कॉलममध्ये सरसर उतरतो, मजूर खूश होतात. जादाचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. तिसरा हिस्सा ताकद त्यातच गेली. घट्ट झालेल्या गाडीला दोनच वाटा असतात: प्लँटच्या क्वालिटीवाल्याच्या देखरेखीखाली प्लास्टिसायझरचा (पाणी न वाढवता माल मऊ करणाऱ्या रसायनाचा) मोजून डोस, नाहीतर गाडी परत.

"कुणी सांगितलं घालायला?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "साहेबांना फोन केला होता. परत पाठवू नकोस म्हणाले."

प्रोजेक्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. त्यांनी हिशोब मांडला. घेणाऱ्यांच्या गृहकर्जाचे हप्ते स्लॅबप्रमाणे सुटतात. काम थांबलं तर सेंट्रिंगची टोळी दुसऱ्या साइटवर जाते आणि महिनाभर परत येत नाही. मग म्हणाले, "अरे, डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो. टाकीत जास्तीचे तीन क्यूब आहेत ना? ते फोड आणि ते लिही."

ते जास्तीचे क्यूब कसले, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ओंजळभर सिमेंट जास्त घालून वेगळे भरून ठेवलेले. बऱ्याच साइटवर असे असतात. आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो तो सळई इंचभर सरकली, भार थोडा वाढला, भरणी थोडी कमी झाली यासाठी. पिंपभर पाण्याने तो आधीच खाल्ला होता. शिळफाट्याची लकी कंपाउंडची इमारत 2013 च्या एप्रिलमध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळली, 74 माणसं गेली. खालचा माल काय दर्जाचा आहे हे न पाहता वर मजले चढवत जाणं मला त्या दिवशी परवडणार नव्हतं.

आकडा खोटा लिहायचा नाही, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या ओळीला. नुसतं "सुपरवायझरने पाणी घातलं" लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या पोराचा हिशोब झाला असता. दीड वर्षाच्या नोकरीत त्याच्याकडे गाडी परत पाठवण्याचा अधिकारच नव्हता. मी लिहिलं: साइटवर सुमारे 200 लिटर पाणी, प्रोजेक्ट मॅनेजरांच्या फोनवरील संमतीने, सात दिवसांचा निकाल कमी असूनही माझ्याकडून कळवला गेला नाही. मेल करण्याआधी मजकूर साहेबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाठव." चार वाजता मेल आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणारा), आर्किटेक्ट आणि बिल्डर, तिघांना गेला. वरचं सेंट्रिंग थांबलं.

फेल क्यूब म्हणजे इमारत पाडा असं नसतं, हे अनेक साइट इंजिनिअरांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ते घाबरून आकडे बदलतात. कोडमध्येच पुढची पायरी दिलेली आहे. कन्सल्टंटने सहापैकी तीन कॉलममधून कोअर, म्हणजे काँक्रीट कापून काढलेले गोल तुकडे, काढायला सांगितले. आधी मशीनने सळया शोधून त्यांच्या मधून 75 मिलीमीटर व्यासाचे कोअर घेतले. लांबीची दुरुस्ती करून आणि सव्वा पटीने क्यूबच्या हिशोबात आणून आकडे आले 24.8, 26.1 आणि 23.9. एकही कोअर 75 टक्क्यांखाली, म्हणजे 22.5 खाली, नसावा, ते जमलं. सरासरी मात्र 85 टक्के, म्हणजे 25.5, हवी होती. ती 24.9 आली.

मग कन्सल्टंटने खऱ्या ताकदीवर सहाही कॉलम पुन्हा तपासले. कडेच्या चारांवर भार कमी, ते निभावले. मधल्या दोघांना चारही बाजूंनी 100 मिलीमीटरचं जॅकेट घालायचं ठरलं: आधी बीमना टेकू, कॉलमचा पृष्ठभाग टाचून खरखरीत, भोकांत केमिकलने बसवलेल्या सळया, नवीन रिंगा, मायक्रो काँक्रीट. 300 बाय 750 चे कॉलम 500 बाय 950 झाले. एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये कपाटाची जागा गेली. बिल्डरने घेणाऱ्याला बोलावून नवा नकाशा दाखवला. बांधकामातल्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारी रेरा कायद्याने त्यांच्यावरच असते. काम एकोणीस दिवस थांबलं. टोळी गेली, ती आलीच नाही. दुसरी आणावी लागली.

टाकीतले ते तीन क्यूब मी त्याच आठवड्यात फोडून भरावात टाकले. पोअर कार्डावर आता एक रकाना जास्त आहे: साइटवर घातलेलं पाणी किती लिटर, कुणाच्या सांगण्यावरून. पुढच्या महिन्यात अडीच तासांनी आलेली एक गाडी त्या पोराने परत पाठवली. स्लम्प, म्हणजे माल किती मऊ आहे याचं माप, 50 मिलीमीटर होता.