दसऱ्याची सुट्टी आणि थीम पार्कची रांग: माझा अनुभव

बेळगावकरांना थीम पार्क दोन्हीकडचे लांबच. बंगळूरपलीकडे बिडदीचं वंडरला पाचशे किलोमीटरच्या घरात, खोपोलीजवळचं इमॅजिका चारशेच्या आसपास. आम्ही मात्र अंतर नंतर बघतो, आधी शाळांच्या सुट्ट्या. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. एप्रिलच्या उत्तरार्धातही आपली पोरं मोकळी असतात आणि तिकडची बहुतेक शाळेत. म्हणजे त्या दिवसांत बंगळूरकडे गर्दी, खोपोलीकडे कमी. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा! खंडेनवमी, दसरा आणि शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरला तर रांग चुकवायच्या पासाची गरजच बहुधा पडत नाही.

तरी पास घ्यायचा की नाही, हे आम्ही गेटवर घाईत ठरवत नाही. आधी एक मोठी राइड गाठायची आणि घड्याळ लावायचं. समजा गाडीत २० जागा आहेत आणि दर ३ मिनिटांनी ती सुटते. म्हणजे तासाला ४०० माणसं. पुढे १०० जण असतील तर १५ मिनिटं. पण पासवाल्यांच्या वेगळ्या दारातून प्रत्येक फेरीला १० जण बसत असतील, तर त्याच १०० जणांना ३० मिनिटं लागतात. रांग लांब दिसते म्हणून घाबरू नका, दर फेरीला साध्या रांगेतले किती बसतात तेवढं मोजा. गाड्या दोनऐवजी एकच चालू असेल तर ताटकळणं दुप्पट, आणि सकाळी हे सर्रास दिसतं.

पास घ्यायचाच तर खिडकीवर तीन गोष्टी विचारा: कोणत्या राइडना चालतो, प्रत्येकीला एकदाच की कितीही वेळा, आणि पावसाने राइड बंद पडली तर काय. तिसऱ्याचं उत्तर बहुधा 'पैसे परत नाहीत' असंच येतं.

मुलांची उंची घरीच मोजा, चपला काढून. मोठ्या राइडना बऱ्याच ठिकाणी १४० सेंटीमीटरची अट असते. १२५ सेंटीमीटरच्या मुलाला महागडा पास काढून दिला, तर तो लहान मुलांच्या झुल्यांवरच वापरला जाणार, आणि तिथे रांग नसतेच. अशा वेळी पास काढला तर मोठ्यांपुरता. एकजण मुलापाशी, दुसरा राइडवर, मग अदलाबदल.

रातोरात गाडी हाणून सकाळी गेटवर पोचू नका. आदल्या रात्री लोणावळ्यात किंवा खोपोलीत मुक्काम, तिकीट ऑनलाइन काढलेलं, आणि उघडण्याआधी अर्धा तास दारात. आत शिरल्यावर सगळे पहिल्या राइडपाशी थबकतात. आम्ही सरळ शेवटच्या टोकाला जातो आणि उलटे येतो. जेवण बाराच्या आत किंवा अडीचनंतर. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, कुंदासुद्धा गाडीतच ठेवावा लागतो. पाण्याच्या राइडना सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे घरून न्या, नाहीतर कपड्यांच्या दुकानापुढे आणखी एक रांग, आणि तिला कुठलाच पास चालत नाही.