सोलापूरचा उन्हाळा, दोन खोल्या आणि साडेतीन वर्षांची लेक

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. सकाळी दहा वाजल्यापासून ऊन उतरेपर्यंत लहान लेकराला बाहेर सोडायची सोयच नसते. आमचं घर दोन खोल्यांचं, अंगण नाही. उन्हाळा लागला आणि लेकीचा सगळा दिवस दिवाणावर मोबाईलसमोर जाऊ लागला. भूक मंदावली, रात्री अकरापर्यंत ती टक्क जागी.

बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न केला, "दिवसभरात पळते किती?" मग त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना समजावल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, तीही कमी तेवढी बरी. १८० मिनिटं ऐकून मला धडकीच भरली. पण ती सलग नकोत, दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे चालतात, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

खेळणी विकत आणण्याआधी मी जागा मोकळी केली. टीपॉय माळ्यावर गेला, दिवाण भिंतीला सरकला. माझ्या मते घरातल्या खेळासाठी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे रिकामी फरशी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंपं आणि बादल्या भरलेल्या असतात. पिंपांवर घट्ट झाकणं आणि न्हाणीघराला वरची कडी, हे खेळाआधी करायचं काम. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

मग चादर काढली. आपली सोलापुरी सुती चादर, जाड आणि दणकट, कितीही ओढली तरी फाटत नाही आणि शहाबादी फरशीवर झकास सरकते. पहिल्यांदा लेकीला मधोमध बसवून या खोलीतून त्या खोलीत ओढलं. बसल्या जागी तोल सांभाळताना तिचं पोट, पाठ सगळं कामाला लागतं. खरी मजा मात्र तिनं ओढायला घेतल्यावर आली. आधी बाहुली, मग उशा, मग तांदळाची पिशवी. टाचा रोवून, ओठ आवळून ती असा जोर लावते की बघत राहावं! ओढून झालं की चादरीची लांब गुंडाळी करून तिची नदी करतो. दोन्ही पाय जुळवून या काठावरून त्या काठावर उडी. चादर उलगडत गेलं की नदी रुंद होते.

मामंजींना सुरुवातीला काळजी वाटायची. चार दिवस बघून तेच म्हणाले, "पडू दे की, जमिनीवरच पडती." आता भिंतीवर खडूनं गोल काढून मोज्यांचे चेंडू फेकायचा खेळ त्यांच्याकडे असतो.

लंगडी या वयाला अवघड जाते. चौथ्या वर्षाच्या आसपास एका पायावर उडी नीट साधायला लागते, म्हणून मी हात धरते आणि तीन उड्यांवर थांबते. विडी वळणाऱ्या शेजारच्या अक्का त्यांच्या दारातून तेलुगूत "ओकटी, रेंडू, मूडू" (एक, दोन, तीन) मोजतात आणि लेक त्या तालावर उडते. बेडूकउड्या, डोंगर का पाणी, लपंडाव हेही चालतं. दुपारी दोन ते चार मात्र उड्या बंद, कारण खालच्या घरातले काका रात्रपाळी करून झोपलेले असतात. त्या वेळात दिवाणाखालच्या बोगद्यातून सरपटणं. आवाज नाही आणि घामही भरपूर निघतो. मध्ये मध्ये पाणी, ताक देत राहायचं.

धाकटा सात महिन्यांचा आहे. त्याला जागेपणी थोडा थोडा वेळ करून दिवसात अर्धा तास तरी पालथं खेळवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ताईच्या उड्या बघायला तो आपसूकच मान वर धरतो.

ऊन उतरलं की हुतात्मा बागेत जातो. रात्री साडेनऊला लेक झोपते आणि सकाळी कडक भाकरी-आमटीचा काला स्वतः मागून खाते. मोबाईल पूर्ण सुटलेला नाही. संध्याकाळी अर्धा तास लागतो, पण त्यावर गाणी लावायची ती नाचायला, आणि नाचायला मलाही उठावं लागतं. मी खाली बसले की तीही बसते.