शाल्के आणि आमचं लालबाग

खेळ सुरू व्हायच्या आधी जर्मनीतल्या गेल्झेनकिर्खेनमध्ये, शाल्के या फुटबॉल क्लबच्या मैदानात, साठ हजार माणसं निळे-पांढरे स्कार्फ उंच धरून खाणकामगारांचं जुनं गाणं म्हणू लागली आणि मला रडू आवरेना. फुटबॉल मला बेताचाच कळतो. तिकीट शेजारच्या काकांनी काढलं होतं. त्यांची पंचवीस वर्षं जमिनीखाली कोळसा काढण्यात गेली. सुरुवातीला मी त्यांच्याशी आदरार्थी जर्मन बोलायचे, तर म्हणाले, "खाली खाणीत सगळे एकमेकांना अरे-तुरेच करायचे. तूही कर." मला अजून जमत नाही.

दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली, इथून जवळच, बोट्रोपला. तरी प्रत्येक घरच्या सामन्याआधी हे गाणं होतंच. खेळाडू मैदानात येतात तो बोगदासुद्धा खाणीतल्या भुयारासारखा केलाय. मी गेले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरलेला, पण एक जागा रिकामी नव्हती.

शाल्के 04 मधलं 04 म्हणजे 1904. चौदा-पंधरा वर्षांच्या शिकाऊ कामगार पोरांनी काढलेला संघ. पुढे कॉन्सोलिडेशन खाणीच्या जमिनीवर मैदान झालं. संघातल्या कितीतरी जणांचे आईवडील पूर्व प्रशियातल्या माझुरिया भागातून पोटासाठी आलेले, म्हणून लोक 'पोलाकांचा', म्हणजे पोलिश लोकांचा, क्लब असं हिणवायचे. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांच्या नातीला हे वेगळं समजवावं लागत नाही. 1930 मध्ये खेळाडूंना ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले म्हणून संघावर बंदी आली. खजिनदाराने त्या धक्क्यात जीव दिला. बंदी उठल्यावर 1931 च्या पहिल्या सामन्याला सत्तर हजार माणसं लोटली.

पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद 1934 चं. अंतिम सामन्यात न्युर्नबर्ग पुढे होतं, पण शेवटच्या काही मिनिटांत शेपान आणि कुझोरा या मेहुण्यांनी एकेक गोल केला. 1934 ऐकून मी दचकले. आमचा लालबागचा राजा बसायला लागला तेही 1934. एका वर्षी दोन कामगार वस्त्यांनी आपापलं काहीतरी उभं केलं, हे मी काकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं.

सगळंच मिरवण्यासारखं नाही. सातपैकी सहा अजिंक्यपदं नाझी राजवटीतली, आणि त्या राजवटीने या संघाचं भरपूर भांडवल केलं. शेपानने एका ज्यू मालकीचं कापडाचं दुकान ताब्यात घेतलं. मालकांना लाटव्हियातल्या रीगाला नेऊन मारलं गेलं. क्लबने पुढे अभ्यासकांकडून तो इतिहास लिहून घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत असं पान मी पाहिलेलं नाही.

पण इथे मला आपल्या बाजूनेही बोलायचंय. भाऊ म्हणतो, जर्मनांनी आठवण जपली, आपण गिरण्यांचे मॉल केले. अरे, इथे खाणी बंद करायचा निर्णय 2007 मध्ये झाला, अकरा वर्षं मुदत मिळाली, सरकारने पैसा ओतला. काकांना लवकर निवृत्ती आणि पेन्शन मिळालं. गिरणीत काम करणाऱ्या आमच्या अण्णांना, माझ्या वडिलांना, 18 जानेवारी 1982 नंतर काय मिळालं? अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरच केलं नाही. ज्यांना उद्याच्या पिठाची चिंता होती त्यांनी गाणी कुठल्या मैदानात म्हणायची? खोली विकली तेव्हा मी नववीत होते. त्या पैशांतून माझं इंजिनीअरिंग झालं, म्हणून मी आज इथे आहे. मी लालबाग सोडलं असं कुणी म्हटलं की मला लागतं. आम्हाला तिथे राहता आलं नाही.

सामन्याचा निकाल लिहीत नाही, माझं लक्षच नव्हतं. गाणं मात्र फोनवर टिपलं होतं. रविवारी बदलापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि अण्णांना ऐकवलं. अर्थ सांगितला: मुकादम येतोय, रात्रीच त्याने दिवा पेटवलाय. अण्णा पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. दोनदा लावायला सांगितलं. मग विचारलं, "तिथे पाळ्या किती चालायच्या?"

मी पलीकडे जाऊन काकांना विचारून आले. तीन.

"आमच्याही तीनच," अण्णा म्हणाले, आणि आईला म्हणाले, परत लाव.